कोऱ्या नळीतला उजेड

धाकट्याला घरात सगळे तुफान म्हणत. हल्ली हे तुफान जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारायचं आणि आई करवादायची, "आळशी मेला!" हा आळस नव्हे, हे त्याच्या ताईला केव्हाच कळलं होतं. ती प्रयोगशाळेत पेशींच्याच तपासण्या करायची. पेशीचं सगळं काम चालतं ते एटीपी नावाच्या, ऊर्जा पुरवणाऱ्या एका चिमुकल्या न्यूक्लिओटाइड रेणूवर. त्याचा साठा करता येत नाही, कुणाकडून उसनं आणता येत नाही. ज्या त्या पेशीनं आपलं आपण बनवायचं आणि लगेच खर्चून टाकायचं. तुफानच्या स्नायूंत ते बनतंय की नाही, एवढाच प्रश्न होता. बनत नसेल, तर त्यावर औषध नव्हतं.

त्याच्या मांडीतला स्नायूचा तुकडा तपासायला आला, तेव्हा 'मीच करणार' म्हणून ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खनपटीला बसली.

"कर बाई," मॅडम वैतागून म्हणाल्या, "पण घरचं माणूस म्हणून घाई नको."

घाई नको म्हणे! तिनं तुकडा वाटून नळ्या भरल्या. आता त्यांत काजव्याच्या अंगात असतं ते उजेड पाडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, घालायचं. जितकं एटीपी, तितका उजेड, आणि तो यंत्र मोजतं. तेवढ्यात आईचा फोन. हातमोजे काढून तिनं तो घेतला.

"झालं का गं?"

"आई, जीव खाऊ नकोस. करतेय."

फोन ठेवून तशाच उघड्या हातांनी तिनं थेंब मोजून सोडायच्या पिपेटला प्लॅस्टिकची टोकं बसवली. आधी नुसत्या पाण्याची कोरी नळी लावा, मग बाकीच्या, असं ती नवख्यांना दरडावून सांगायची. आज तिनं तुफानची नळी आधी लावली.

आकडा भराभर चढला. तिला रडूच फुटलं. तिनं घरी फोन लावला, "आई, बनतंय गं! चांगलं बनतंय!"

मॅडम आत आल्या. "कोरी लावलीस?"

तिनं लावली. कोरीही तशीच उजळली.

मॅडमनी तिच्या उघड्या बोटांकडे पाहिलं. माणसाच्या घामेजल्या बोटांवरही एटीपी असतं, आणि ते टोकांना लागलं होतं. नळीतला उजेड ताईचाच होता. तिनं हातमोजे चढवले, नवी टोकं घेतली, पुन्हा सगळं केलं. या वेळी कोरी नळी अंधारी राहिली. तुफानचीही जवळजवळ तशीच.

फोन वाजला. तुफान धापा टाकत होता.

"ताई! आईनं सांगितलं. म्हटलं, मग घाबरायचं कशाला? जिना चढतोय. अर्ध्यावर आलोय!"

"खाली बस."

"अगं, पण बनतंय ना?"

तिच्या बोटांवरून सांडण्याइतकं एटीपी होतं, आणि त्याला त्यातला कणही देता येत नव्हता. तिला हुंदका फुटला.

"रडतेस काय वेडाबाई?" तो तिची समजूत घालू लागला. "जरासा दम घेतो, आणि जातो वरपर्यंत."