सत्त्वाचं फूल

संध्याकाळी उमापूरच्या सोसायटीपुढे अख्खा गाव लोटला. बायकांपुढच्या वाट्यांतली सकाळची पांढरीशुभ्र फुलं लालबुंद झाली होती. एकच पांढरं राहिलं. माझ्या शेजारणीचं, मुक्ताबाईचं.

"पाहा!" धुळाजीबुवा गरजला. "श्रावण कोरडा कावून गेला? हिच्या पापानं! सत्त्वाचं फूल लाल होतंय, पापिणीचं पांढरं फटक!"

आठवड्यापूर्वी मुक्ताने चेअरमन विठ्ठलरावांना चारचौघांत विचारलं होतं, "टँकर आधी तुमच्याच हौदात कावून रिकामा व्हतो?" बुवाला गावात आणलं ते याच विठ्ठलरावांनी.

मुक्ताच्या सासूबाई केसरबाई म्हणाल्या, "परवा माहेरी जा. लेकरू इथंच राहील."

मुक्ताने सहा महिन्यांच्या लेकराला छातीशी असं कवटाळलं, की माझाच पान्हा दाटून आला.

फुलं बुवानेच वाटली होती, स्वतःच्या परडीतून. मी घरी येऊन परसात गेले. भांड्यांच्या पाण्यावर जगवलेली माझी दोन झुडपं. एक साधी पांढरी जास्वंद: पान चकचकीत, फुलाचा तुरा पाकळ्यांबाहेर लांब. दुसरी बदलती जास्वंद: पान रुंद, लवदार, तुरा आखूड. हिचं फूल सकाळी पांढरं, संध्याकाळी लाल. पुण्य असो नसो!

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कडेवर घेऊन सोसायटीपुढे गेले. बदलतीचं फूल मुक्ताच्या वाटीत ठेवलं, साध्या जास्वंदीचं बुवापुढे.

"माझी परीक्षा? भस्म व्हशील, बाई!"

"व्हऊ द्या. माझं लेकरू सांभाळायला मुक्ता हाय."

"ठेव की बुवा, भितो कावून बे?" गर्दीतून गावातला बिभीषण ओरडला. लोक हसले. बुवाला उठता येईना.

दिवस कलला. मुक्ताचं फूल लाल. बुवाचं पांढरं फटक.

मी दोन्ही झुडपांची पानं केसरबाईंच्या हातात दिली. "मावशी, बुवानं मुक्ताला ह्या साध्या जास्वंदीचं फूल दिलं, बाकीच्यांना त्या बदलतीचं. कापसात जन्म गेला तुमचा. कापसाचं फूल आज पांढरं, उद्या लाल. पऱ्हाटीला कधी सत्त्व विचारलं का?"

त्यांनी लवदार पान चोळून पाहिलं. "न्हाई गं. ही तर पऱ्हाटीचीच भावकी." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "चल घरी. लेकरू भुकेजलंय."

बायांनो, फूल कशाने लाल होतं ते झाडाला ठाऊक; तुम्ही फक्त विचारा, ते कुठल्या झाडाचं, आणि तोडलं कुणी. एवढं विचारल्याशिवाय कुणाच्या आईला घराबाहेर काढू नका.