मामांचा झोपाळा

ट्रकवर माल बांधायचे पट्टे जावई रोज उजेडात धरून तपासायचा. एका पट्ट्याची कड उसवली होती आणि मध्ये बोटभर चीर गेली होती, म्हणून त्याने तो फेकून दिला. ते बघून सासऱ्यांचा जीव कळवळला. त्यांनी पट्टा उचलून घरी नेला आणि त्याचा झोपाळा बांधला.

“मामा, चीर गेलेल्या पट्ट्याचा भरवसा नाही,” जावई म्हणाला.

“अहो, याने लोखंड पेललंय. मी काय लोखंडापेक्षा जड आहे?”

संध्याकाळी मामा झोपाळ्यावर बसून व्याह्यांना पट्ट्याचं कौतुक सांगत होते. वाक्य पुरं व्हायच्या आत पट्टा तुटला आणि मामा थेट कुंडीत बसले.

“कुंडी फुटली का?” सासूबाईंनी आतून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मामा चष्मा आणि उशी घेऊन ट्रकपाशी हजर झाले. उशीवर जपून टेकत त्यांनी एकेक पट्टा चाचपला, ओढला, हुंगलासुद्धा आणि सगळे बाद केले.

“मामा, हा तर कोरा आहे. कालच आणलाय.”

“मग याला अनुभव काय?”

शेवटी सासूबाईंनी मामांना जेवायला हाक मारली, तेव्हा कुठे ट्रक निघाला.