आर्सेनियोचं वेळापत्रक

लाइट गेली की दिग्ना सगळ्यात आधी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढायची. बाकी सगळं नंतर. कारण कामागुएय शहरात लाइट जाते तेव्हा गुपचूप जाते, पण येते ती झटका देत येते, आणि त्या झटक्यात त्यांच्या गल्लीतले दोन फ्रिज आणि एक टीव्ही कायमचे गेले होते. तिच्या नवऱ्याने, आर्सेनियोने तर भिंतीत एक खिळाच ठोकून ठेवला होता, वायर काढून त्यावर टांगायला. तो गेल्यावर चार वर्षं ही शिस्त दिग्नाने एकदाही मोडली नव्हती.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी मोडली. दुपारी लाइट गेली आणि त्याच क्षणी रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, पाव आला. रेशनचा पाव दोन दिवस आलाच नव्हता. दिग्नाने पिशवी उचलली, रेशनचं पुस्तक उचललं आणि ती निघाली. माणशी एक पाव, म्हणजे तिच्या पुस्तकावर एकच पाव. त्या एका पावासाठी ती रांगेत सातवी उभी होती, तेव्हा लाइट आली. सगळी गल्ली नेहमीसारखी खूश होऊन ओरडली. दिग्नाला मात्र आठवलं, वायर भिंतीतच राहिली होती.

घरी आली तर जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

इदाल्मिस त्याच गल्लीच्या टोकाला राहायची. साखर कारखान्यात ती इंजिनिअर होती. कारखाना बंद पडला तेव्हापासून ओसरीत टेबल टाकून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, हात मोठे, जीभ तिखट. दिग्नाने आणलेला कॉम्प्युटरचा डबा तिने उघडला, आत टॉर्च मारला आणि मान हलवली. मदरबोर्ड गेला होता. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती.

"म्हणजे माल वाचला, मावशी," ती म्हणाली. "मी तुमचे फोटोबिटो काढून घेते, दुसरा बोर्ड बघते आणि फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकते. मशीन कसं पळेल बघा."

इकडे कुठल्याही रिपेअरवाल्याकडे जा, पहिला उपाय हाच. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. हळू चालतंय, फॉरमॅट मारा. लोकांनाही तेच हवं असतं. दुकानात न जाता नवं काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

"फॉरमॅट नाही मारायचा," दिग्ना म्हणाली.

"का?"

दिग्ना उठली. डबा काखेत मारून ती घरी परत आली.

संध्याकाळी माइलेनचा फोन आला. माइलेन तिची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांपूर्वी परदेशात, माँतेविदेओला गेलेली. तीही तेच म्हणाली. तो बाबांचा जुना खटारा, त्यात आहे काय एवढं, मी तुला एक चांगला फोन पाठवते. दिग्ना हो हो म्हणाली. मुलीला सांगण्यासारखं ते नव्हतंच. तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

आर्सेनियो रेल्वेत वेळापत्रकं तयार करायचा. अडतीस वर्षं. आणि तीच अडतीस वर्षं दिग्ना त्याच स्टेशनात, लाउडस्पीकरच्या खोलीत. तो लिहायचा आणि ती वाचायची. हवानाहून येणारी गाडी, सांतियागोला जाणारी गाडी, फलाट क्रमांक दोन. गाड्या कधीच वेळेवर नसायच्या. त्यावरून कोणी चिडवलं की आर्सेनियो शांतपणे म्हणायचा, वेळापत्रक बरोबर आहे, गाड्या चुकतात.

मग तो आजारी पडला. शेवटच्या चार महिन्यांत तो उशी पाठीला लावून कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि काहीतरी टाइप करायचा. काय करतोस म्हटलं की म्हणायचा, काम.

त्याला पुरून सहा दिवस झाले होते. घर खायला उठलं होतं. माइलेन येऊ शकली नव्हती, शेजारच्या बायका येऊन गेल्या होत्या. दिग्नाने फोटो बघायला म्हणून मशीन लावलं आणि बरोबर दहा वाजता पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. तिच्यात लिहिलं होतं: "म्हातारे, दहा वाजले. बीपीची गोळी."

दुसऱ्या दिवशीही तेच. पण अधूनमधून वेगळंही यायचं. गुरुवारी कचऱ्याची गाडी. माइलेनचा वाढदिवस, तूच फोन कर, ती करेल म्हणून वाट बघत बसू नकोस. टाकी घास. एकदा जूनमध्ये, भर दुपारी: "आंबे पिकले असतील. शेजारणीला दे, नाहीतर सगळे एकटीच खाशील आणि पोट धरून बसशील." कुठल्या दिवशी काय येईल ते तिला कळायचं नाही. एखादा आठवडा नुसत्या गोळीवर जायचा. पण लाइट असली की ती मशीन लावून ठेवायची आणि चौकट आली की उभी राहून, स्टेशनातल्या आवाजात, रिकाम्या खोलीला वाचून दाखवायची. चार वर्षं त्या घरात एवढंच काय ते मोठ्याने बोलणं व्हायचं.

तीन दिवस तिने मशीनशिवाय काढले. गोळी दोनदा विसरली. चौथ्या दिवशी सकाळी ती इदाल्मिसच्या ओसरीत जाऊन बसली आणि हे सगळं तिने सांगून टाकलं. इदाल्मिसने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ते फायलींमध्ये नाहीये, मावशी," ती म्हणाली. "ते सिस्टीमच्या पोटात आहे. फॉरमॅट मारला की गेलं. आणि नव्या सिस्टीममधून ही चौकटीची सोयच काढून टाकलीये. दुसरीकडे मांडायचं तर मला एकेक उघडून, वाचून, पुन्हा नोंदवावं लागेल."

"वाचायचं नाही."

"मग मी करू तरी कसं?"

"ज्याचा दिवस येईल त्या दिवशी मी वाचेन. त्याच्याआधी कोणी नाही. मीसुद्धा नाही."

इदाल्मिस हसली, पण कुत्सितपणे नाही. "म्हणजे हृदय बदलायचं आणि माणसाला जागही येऊ द्यायची नाही."

"तसंच काहीतरी. जमेल का, पोरी?"

ती म्हणाली की बोर्ड अगदी त्याच जातीचा मिळाला तर सोपं, पण तसा मिळणार नाही. वेगळ्या जातीचा मिळाला तर जुनी सिस्टीम त्याला ओळखेलच असं नाही. जुना बोर्ड जिवंत असता तर आधी थोडी तयारी करता आली असती. आता तो मेलाय. बघू.

बोर्ड मिळायला महिना लागला. जवळच्या फ्लोरिदा गावातल्या एका माणसाकडे होता आणि त्याला बदल्यात सायकल हवी होती. आर्सेनियोची सायकल मागच्या अंगणात उभी होती. स्टेशनापर्यंत अडतीस वर्षं तिच्यावरूनच गेला होता तो, पावसात दिग्नाला पुढच्या दांड्यावर बसवून. तिने सायकल फडक्याने पुसली, चाकांत हवा भरली आणि देऊन टाकली.

बोर्ड बसवायला इदाल्मिस दुपारी एकला आली. चार वाजता त्यांच्या भागाची लाइट जायची होती, तसं जाहीर झालं होतं. तिने जुना बोर्ड काढला, नवा बसवला, डिस्क जोडली. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, मग सिस्टीमचं चिन्ह आलं, मग क्षणभर पडदा निळा झाला आणि मशीन आपलं आपण बंद होऊन परत सुरू झालं. पुन्हा तेच. पुन्हा निळा. पाच वेळा.

दिग्ना खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. इदाल्मिस काही बोलत नव्हती, आणि ती गप्प असली की काहीतरी बिघडलेलं असतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"ओळखत नाहीये," शेवटी ती म्हणाली. "तुमच्या सिस्टीमला डिस्कशी जुन्या पद्धतीने बोलायची सवय. हा बोर्ड नव्या पद्धतीने बोलतोय. तिला वाटतंय आपण परक्या घरात आलो, म्हणून दारातूनच माघारी फिरतेय."

"मग?"

"मग बोर्डालाच सांगून बघायचं की बाबा, जुन्या माणसांशी जुन्यासारखं बोल."

ती बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरली, खाली खाली जात तिने एक ओळ शोधली, बदलली, आणि मशीन परत सुरू केलं. चिन्ह आलं. दिग्नाने डोळे मिटून घेतले. इदाल्मिस पडद्याजवळ वाकली. मग ती म्हणाली, "मावशी, हे स्टेशनमास्तर कोण?"

दिग्नाने डोळे उघडले. पडद्यावर आर्सेनियोने स्वतःला दिलेलं नाव होतं. स्टेशनमास्तर त्याला कधी कोणी केलं नाही, म्हणून इथे तो आपला आपणच झाला होता.

आत गेल्यावर अक्षरं अवाढव्य दिसत होती. आवाज नव्हता. मशीन एकेक नवी वस्तू सापडल्याचं सांगत होतं आणि मध्येच परत सुरू होत होतं. इदाल्मिसने एकामागून एक सगळं जागेवर बसवलं. मग मागचं चित्र जाऊन पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात अक्षरं उमटली की ही प्रत अस्सल नाही.

"बोर्ड बदलला की लायसन्स रुसतं," इदाल्मिस म्हणाली. "चालेल, नुसती कुरकुर करेल."

"करू दे. माझे दातही अस्सल नाहीत," दिग्ना म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

पण चौकट आली नाही. दहा मिनिटं दोघी बघत बसल्या. मग इदाल्मिसने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि कपाळाला हात लावला. नव्या बोर्डाच्या घड्याळाचा सेल मेलेला होता. तिथे तारीख होती एक जानेवारी दोन हजार दहा.

"म्हणून. त्याच्या लेखी अजून काही लिहिलंच गेलेलं नाही. थांबा, तारीख बदलते."

"थांब जरा," दिग्ना म्हणाली.

दोन हजार दहाचा पहिला दिवस. मागच्या अंगणात आर्सेनियो डुक्कर भाजत होता. पहाटेपासून जाळापाशी बसून होता आणि कोणाला हात लावू देत नव्हता. माइलेन घरी होती, केस धुऊन उन्हात बसली होती, तोंडाने कुठलंतरी गाणं. आर्सेनियोचा अंगठा भाजला तर तो बादलीत बुडवून त्याने एका हाताने जेवण केलं आणि दिवसभर सगळ्यांना तो अंगठा दाखवत फिरला. त्या तारखेला घर भरलेलं होतं, आणि म्हणूनच मशीन मुकं होतं. कोणाला काही लिहून ठेवायची गरजच नव्हती.

ती ते आकडे बघत राहिली. इदाल्मिसने घाई केली नाही.

"बदल," दिग्ना म्हणाली.

इदाल्मिसने आजची तारीख घातली. क्षणभर काही झालं नाही. मग एक चौकट उघडली. तिच्यावर दुसरी. तिसरी, चौथी. हुकलेल्या दिवसांचं सगळं एकदमच आलं होतं. इदाल्मिसने लगेच मान फिरवली आणि ती आपले स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरायला लागली.

"ह्या एकदाच येतात, मावशी. लाइट गेली की ह्या गेल्या. पावणेचार झालेत, वाचून घ्या." दारात ती थबकली. "मी ती यादी उघडलेली नाही. पण किती उरल्यात तेवढं आकड्यात बघता येतं, न वाचता. बघू?"

"शेवटची गाडी कधी, ते घरी जायची घाई असलेला विचारतो," दिग्ना म्हणाली. "मी घरीच आहे. तू जा, पोरी. आणि उद्या कॉफीला ये."

ती गेल्यावर दिग्नाने चष्मा लावला आणि उभी राहिली. तिला हे असं नको होतं. एकेक दिवस पुरवायचं ते एका बैठकीत संपणार होतं. पण घड्याळ तर थांबणार नव्हतं.

पहिली चौकट गोळीची. ती तिने वाचली, आणि खरंच जाऊन गोळी घेऊन आली.

दुसरी: "पाऊस संपत आला. छपराचा तो कोपरा बघून घे, शिडीवर स्वतः चढू नकोस."

तिसरी बारा ऑक्टोबरची. "आज तू सांतियागोची गाडी हवानाची म्हणून पुकारलीस त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली." दिग्ना खुर्चीत बसली. अर्धं स्टेशन तेव्हा चुकीच्या फलाटावर धावलं होतं, त्यात एक माणूस काखेत डुकराचं पिल्लू घेऊन. ते सुटलं आणि रुळांवरून पळालं. वेळापत्रकाच्या कचेरीतून एक सडपातळ पोरगा तक्रार करायला वर आला होता आणि तक्रार विसरून दारातच हसत उभा राहिला होता. ते तिने पुन्हा उठून, आवाज नीट काढून वाचलं. दोनदा वाचलं.

चार वाजायला तीन मिनिटं होती. चौथी चौकट परवाच्या मंगळवारची होती. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. तिच्यात लिहिलं होतं: "आज काही नाही, म्हातारे. नुसता डोकावलो."

खाली "ठीक आहे" असं बटण होतं. ते दाबलं की चौकट मिटणार. दिग्नाने माऊसवरचा हात काढून घेतला. हे मात्र तिने मोठ्याने वाचलं नाही. पडद्यासमोर ती तशीच बसून राहिली, कोणी पाहुणा बोलायचं संपवून गप्प बसला असावा आणि त्याला उठवायचं जिवावर यावं, तशी.

चारला लाइट गेली. पडदा काळा झाला आणि त्यात तिला तिचा चष्मा दिसला. पंख्याची पाती फिरत फिरत थांबली. तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, पाव आला.

दिग्ना उठली. आधी तिने वायर भिंतीतून काढली आणि खिळ्यावर टांगली. मग पिशवी घेतली.