भोपळ्याचा वाढदिवस

"जगातल्या निम्म्या चुका माणसं बेसावध असतात म्हणून होतात, आणि उरलेल्या निम्म्या माझी पद्धत वापरत नाहीत म्हणून!" टाइपशास्त्र्यांनी भर बैठकीत जाहीर केलं आणि फळ्याकडे जायला उठले, ते चार्जरच्या वायरीत पाय अडकून पुन्हा खुर्चीत बसले.

टाइपशास्त्री हे अर्थातच ऑफिसने ठेवलेलं नाव. डेटाबेसला प्रश्न विचारणारा कोड ते एका फंक्शनल भाषेत लिहीत. तिथे प्रत्येक गोष्टीला आपापला टाइप. मालकाचा क्रमांक वेगळा, जनावराचा वेगळा. एकाच्या जागी दुसरा घातला तर कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर तो बनवूनच देत नाही. साखरेच्या डब्यात मीठ ओतायला जावं आणि डब्यानेच मनगट धरावं, तसं.

सध्याचं काम प्राण्यांच्या दवाखान्याचं होतं. प्राण्याच्या जन्मदिवशी मालकाला मेसेज जायचा. प्राणी हयात असेल तर शुभेच्छा, गेला असेल तर सांत्वन. नोंदीत मृत्यूची तारीख असेल किंवा नसेल. दोन्ही वेळी काय पाठवायचं ते सांगितल्याशिवाय कंपायलर पुढे सरकू देईना. शास्त्र्यांनी दोन्ही सांगितलं.

"एकदा खोट्या नोंदी घालून चालवून तरी बघ," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"अगं, कंपाइल झालंय! आता चालवून बघणं म्हणजे सूर्य उगवलाय का ते काडी पेटवून बघणं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "अहो, इथे एक गृहस्थ धडधाकट बोका मांडीवर घेऊन बसलेत. त्यांना मेसेज गेलाय, 'तुमच्या लाडक्याच्या जाण्याने आम्हीही हळहळलो.' बोका माझ्याकडे संशयाने बघतोय."

शास्त्र्यांनी कोड उघडला. प्रश्न अचूक, टाइप अचूक, दोन्ही शक्यता हजर. फक्त उत्तरांची अदलाबदल झाली होती. दोन्ही उत्तरांचा टाइप शेवटी एकच, मजकूर, त्यामुळे कंपायलरने हूं की चूं केलं नव्हतं. दुरुस्ती चुटकीसरशी झाली. बोक्यावर थोडं हसूनही झालं. मग त्यांनी गेलेल्या मेसेजची यादी उघडली. सांत्वन जिवंतांच्या घरी गेलं, तर शुभेच्छा कुणाच्या घरी गेल्या?

त्यातली एक त्यांच्याच थोरल्या बहिणीच्या घरी गेली होती. तिचा भोपळ्या, सोफ्याएवढा कुत्रा, गेल्याच महिन्यात वारला होता. "आमच्या हातचं काम आहे, डोळे मिटून नाव नोंदव," असं तिला सांगणारेही हेच.

ताईने दार उघडलं. शास्त्र्यांनी चपलाही न काढता सुरुवात केली. "ताई, प्रश्नात चूक नव्हती. म्हणजे टाइपच्या दृष्टीने बघायला गेलं तर..."

"आत ये आधी."

ते आत आले आणि सोफ्याच्या कडेला टेकले. उरलेला सोफा मोकळाच होता. पुन्हा त्यांनी मालकाचा क्रमांक, जनावराचा क्रमांक सांगितला. ताई ऐकत होती. आपण शरमेवर व्याकरणाचं पांघरूण घालतोय, हे त्यांना बोलता बोलताच कळत होतं, पण तोंड थांबेना.

"म्हणजे यंत्राने तुला विचारलं होतं," ताई म्हणाली, "की मेला असेल तर काय म्हणू?"

"हो."

"आणि तू म्हणालास, अभिनंदन कर."

त्यांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत कुठल्याही कंपायलरने त्यांची चूक इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती.

"मेसेज वाचला आणि मी आधी त्याच्या त्या कोपऱ्यात बघितलं," ती म्हणाली. "काय वेडी मी."

"वेडा मी आहे, ताई. चुकलो." हे मात्र टाइपबिइप न लावता आलं. "सांग, काय करू? दवाखान्याचं काम सोडू? सगळ्यांच्या घरी जाऊन पाया पडू? तू म्हणशील ते करतो."

शास्त्र्यांनी शिक्षेसाठी श्वास रोखून धरला.

"त्याच्या खाण्याचं अर्धं पोतं उरलंय," ती म्हणाली, "फोडलेलं म्हणून दुकानदार परत घेत नाही. तेवढं नजरेआड, जिन्याखाली नेऊन ठेव. आणि तोंड नीट बांध, मुंग्या लागतात."