चरित्रकोशाचं पारायण

महाराजांची पॅसेंजर गोंदियालाच अडकली होती आणि पोथी महाराजांच्याच पिशवीत होती! इकडे आमच्या गावात सप्ताहाचा मांडव सजलेला, माइक लागलेला, अख्खा गाव मांडी घालून बसलेला, आणि वाचायला काहीच नाही. आमच्याकडे बैठक एकदा बसली की वाचन व्हायलाच हवं. लोक उठून गेले तर सप्ताह मोडला असं मानतात.

सप्ताहाचे पुढारी रूपलालकाका घामाघूम झाले होते. "अगा, कोणाच्या घरी एखादं जाड पुस्तक हाये का?"

त्या दिवशी गावात जाड पुस्तक एकाच घरी होतं. आमच्या. विज्ञान दिनाच्या भाषणासाठी गुरुजींनी शाळेच्या कपाटातून काढून दिलेला चरित्रकोश. जगभरचे शास्त्रज्ञ नि गणितज्ञ त्यात अकारविल्हे रांगेत उभे. इतका जड, की आमगावच्या शाळेतून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता.

मी उभी राहिले. "माझ्याजवळ हाये. अन् वाचीनही मीच."

मागच्या वर्षीची मी असते तर आईमागे लपले असते. यंदा नाही!

"उर्वशी वाचंन?" माझा चुलतभाऊ तिलक पुरुषांच्या रांगेतून हसला. "पाच मिनिटात मांडव रिकामा होते, पाहून घे."

"एकबी मानूस उठला तर आयुष्यात माइकले हात नाई लावीन," मी सगळ्यांसमोर बोलून बसले.

चौरंगावर कोश ठेवला. मुन्नीबाईकाकू लगबगीनं आल्या आणि प्लॅस्टिकच्या कव्हरवर हळदकुंकू लावून, फूल ठेवून, नमस्कार करून गेल्या. मी ऑयलर या गणितज्ञाचं पान काढायला लागले, कारण माझं भाषण त्याच्यावरच होतं.

"हे काय करून राहिली?" रूपलालकाका दबक्या आवाजात ओरडले. "पोथी मधातून नाई वाचत. पयल्या पानापासून वाच!"

आता पहिल्या पानावर काय होतं? संक्षेपांची यादी! मी वाचलं, "ज. म्हणजे जन्म. मृ. म्हणजे मृत्यू. इ. स. म्हणजे इसवी सन." बायका हात जोडून ऐकत होत्या. एक म्हातारबुवा तर "वा, वा!" म्हणाले. पण दुसरं पान उलटेपर्यंत मागची रांग चुळबुळायला लागली. कोणीतरी चपला शोधत होतं. तिलकनं मला हातानं टाटा केला.

आणि मग मला राग आला. तिलकचा नाही, त्या यादीचा. एवढी मोठमोठी माणसं आत बसलीत आणि मी दारातच काय उभी आहे? मी काकांकडे न बघता पानांचा हा एवढा गठ्ठा उलटवला.

"लेओनार्ड ऑयलर. जन्म सतराशे सात, स्वित्झर्लंड. एकतिसाव्या वर्षाच्या सुमारास उजवा डोळा गेला."

"लगन झालं होतं का त्याचं?" मुन्नीबाईकाकूंनी विचारलं.

"झालं होतं."

"लेकरं?"

मी खाली बघितलं. तेही लिहिलं होतं! "तेरा अपत्ये. त्यांपैकी पाचच बालपणापलीकडे जगली."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हे वाक्य मी दहा वेळा वाचलं होतं, आणि मला फक्त आकडे दिसले होते. चपला शोधणारा माणूस खाली बसला.

"पुढं जाऊन दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन केलं, पण नजर टिकली नाही."

"मंग घरीच बसला असंन," रूपलालकाका म्हणाले. ते आता मला रागवायचं विसरले होते.

"नाई काका. आंधळा झाल्यावरच खूप लिहिलं त्यानं. चंद्र कसा फिरते, त्याचं गणित."

"न पायता?"

"न पायता. सारं डोक्यात मांडे. तो सांगे, अन् पोरगा नाहीतर मदतनीस लिहून घे."

"बाप्पा!" मागून आवाज आला. तो तिलकचा होता.

आजवर मला वाटायचं, कोशातली माणसं काळ्या शाईची असतात. आणि इथे मांडवात, उदबत्तीच्या धुरात, एक आंधळा म्हातारा बसून चंद्राचा हिशेब सांगत होता आणि अख्खा गाव श्वास रोखून ऐकत होता. माझा आवाज आपोआप हळू झाला. कोणाला तो मोठा नको होता.

"सतराशे त्र्याऐंशी, सप्टेंबर. आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही त्यांचं काम चालूच होतं. नव्यानेच सापडलेल्या एका ग्रहाच्या वाटेविषयी ते बोलत होते..."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. महाराज! काखेत पोथी, धोतर धुळीनं लाल. ते घाईघाईनं मांडवात शिरले. कोणीच उठलं नाही. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रूपलालकाकांनी बसल्याबसल्या हात वर केला.

"थांबा जरा महाराज. इथं मानूस जाऊन राहिला."

महाराज होते तिथेच उभे राहिले, आणि मी पुढची ओळ वाचली.