कोपऱ्यातला खड्डा

मेहरूणच्या टेनिस संकुलात प्रत्येक स्पर्धेचे उद्घाटन कोर्टावरच नारळ फोडून होई. त्या हार्ड कोर्टाच्या उत्तरेकडील डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे मान्यवरांचे नारळ फुटत आले होते आणि तिथे वाटीएवढा उथळ खड्डा पडला होता. संघटनेने तो कधी बुजवला नाही. दरवर्षी त्यावर निळा रंग तेवढा फासला. त्यामुळे खड्डाही झाकला जाई आणि मान्यवरांचा मानही राही.

हेमांगी याच कोर्टावर वाढली होती. खड्डा तिला तळपायाने ठाऊक होता. धुळ्याच्या दिपमालाला नव्हता. खानदेशातल्या या दोघी अव्वल खेळाडू आलटूनपालटून एकमेकींना हरवत आल्या होत्या. राज्य संघात जागा एकच होती आणि ती आजच्या अंतिम सामन्यावर ठरणार होती.

निर्णायक टायब्रेक. पाच-सहा. दिपमाला विजयापासून एका गुणावर उभी. आजवर जे हेमांगीने टाळले होते तेच तिने केले: चेंडू नेमका त्या कोपऱ्यात घातला. तो उसळलाच नाही. सहा-सहा.

"सर, चेंडू असा बसला कसा?" दिपमालाने पंचांना विचारले.

पंच नवलभाऊ संघटनेचेच होते. खुर्चीवरून उतरून पाहणे म्हणजे अध्यक्षांचा अवमान, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी बसल्या जागेवरून न्याय केला. "हेमांगी, तू इथलीच. कोर्टात काही दोष आहे का?"

"नाही, भाऊ. कोर्ट ठीक आहे."

टायब्रेकमध्ये दर सहा गुणांनी बाजू बदलते, हे कालपरवा रॅकेट धरलेल्या पोरालाही माहीत असते. हेमांगीला ते आत्ता आठवले.

दिपमालाने बाजू बदलायला निघताना बुटाच्या टोकाने कोपरा चाचपला. जाळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ती हसली. "बठ्ठं ठीक शे ना, बाई? सगळंच ठीक, मग ठीक."

आता तक्रार करायची तर आधी स्वतःचेच वाक्य खोटे पाडावे लागणार होते. हेमांगीने सर्व्हिस केली आणि ती डावीकडे, खड्ड्याच्या राखणीला धावली. परतलेला चेंडू मोकळ्या उजव्या बाजूला पडला. सहा-सात.

पुढची सर्व्हिस दिपमालाची. हेमांगी आणखी अर्धे पाऊल डावीकडे सरकली. तिचे कान, डोळे, पोटऱ्या, सगळे त्या निळ्या कोपऱ्याला बांधलेले. सर्व्हिस मधल्या रेषेला घासून निघून गेली. सहा-आठ.

"तुमच्या खड्ड्याला मी हातसुद्धा लावला नाही," हात मिळवताना दिपमाला हलकेच म्हणाली.

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी कोर्टाच्या दर्जाचे कौतुक केले आणि उपविजेतीला शाल व नारळ दिला.