दंडावरचं सोनं

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं ते जुनं गोदाम. एरवी ओस पडलेलं, पण त्या रविवारी सकाळी दहालाच माणसं कापडाच्या गठ्ठ्यांसारखी दाटीवाटीने कोंबली होती. मधोमध एक टेबल, त्यावर झाकण घातलेलं पांढरं भांडं आणि स्पिरिटचा दिवा. मागच्या भिंतीवर जे टांगलेलं होतं, ते पाहून मी चमकलेच. आवर्तसारणीचा तक्ता! मी शाळेत नववीला जो शिकवते, अगदी तोच.

टेबलामागे किमयागार उभा होता. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसं कुणाला वाटतही नव्हतं.

“मंडळी, मी चमत्कार करत नाही!” त्याने छडी तक्त्यावर आपटली. “मी विज्ञान सांगतो. हे बघा तांबं. त्याच्या बरोब्बर खाली कोण? चांदी. चांदीच्या खाली? सोनं! एकाच उभ्या ओळीत, एकाच घराण्यात! हे मी नाही, शास्त्रज्ञ म्हणतात. रोगी शरीर म्हणजे तांबं. रोग निघाला की चांदी. शरीर शुद्ध झालं की सोनं!”

ओळ खरी होती. म्हणूनच मला जास्त संशय आला. निव्वळ थाप पटकन पकडता येते. खऱ्याचं बोट धरून आलेली थाप सरळ घरात शिरते.

पहिला नंबर माझ्या ताईचा होता. ताई त्याच कारखान्यात शिवणकाम करते. अकरा वर्षांपासून तिला मधुमेह आहे, तोही असा की रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय चालत नाही. किमयागाराने दिलेली तांब्याची पट्टी तिने सात दिवस दंडाला बांधली होती. त्याने ती घासली, लाकडी चिमट्यात धरली आणि भांड्यातल्या वाफाळत्या पाण्यात सोडली. मग पाचेक मिनिटं त्याच्या जिभेला विसावा नव्हता. पट्टी बाहेर आली तेव्हा चांदीसारखी चमकत होती.

“साखर निघाली! बघा, कशी पांढरीशुभ्र साखर बाहेर पडली!”

त्याने पट्टी धुतली, पुसली, दिव्यावर धरली. बघता बघता ती पिवळीधमक झाली. गोदामात एकच गलका उडाला. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“बाई, सुई फेकून द्या,” किमयागार म्हणाला. “सोन्याला कुणी सुई टोचतं का?”

माझं लक्ष टेबलावरच्या कापडाकडे होतं. भांड्याभोवती त्याला भोकं पडली होती, जळल्यासारखी. औषधी पाण्याने कापड का खावं? आणि हा बाबा त्यात चुकूनसुद्धा बोट का घालत नाही?

ताईच्या घरी आल्यावर मी तोंड उघडलं, आणि तिथेच चुकले. मी वर्गात बोलते तशी बोलले. अणू, केंद्रक, प्रोटॉन. भावोजी मान खाली घालून बसले होते. ताई ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा दगड झाला.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “दिवसभर हातात सुई, जेवायला बसायच्या आधी पोटात सुई. अकरा वर्षं! आज कुणीतरी म्हणालं, पुरे. तर तुला तेही बघवत नाही?”

“ताई, निदान थोडं थोडं इन्सुलिन तरी...”

“तू तुझ्या शाळेतल्या पोरांना शिकव, धाकटे. मला नको.”

मी रागाने निघून आले. ती गोष्ट मला आजही खाते. भांडायचं होतं तर तिथेच ठाण मांडून भांडायला हवं होतं.

बुधवारी दुपारी शाळेत भावोजींचा फोन आला. “ये लवकर. ती नीट बोलत नाहीये.”

ताई पलंगावर पडून जोरजोरात श्वास घेत होती, जणू पळून आली होती. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. सकाळपासून सारख्या उलट्या. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दारातच विचारलं, “इन्सुलिन कधीपासून बंद आहे?” भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, रविवारपासून. डॉक्टर आत धावल्या. नंतर म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मला काही करता आलं नसतं.”

शुक्रवारी ताई नीट शुद्धीवर आली. हात आधी दंडाकडे गेला. “माझी पट्टी कुठे आहे?”

नर्सने ती खणात ठेवली होती. ती ताईच्या हातात देताना माझ्या जिभेवर पन्नास टोमणे होते. मी ते गिळले आणि भावोजींना विचारलं, “तुमच्याकडे कानस आहे?”

भावोजी शिलाई मशिनं दुरुस्त करतात, त्यामुळे लहानशी कानस त्यांच्या खिशात कायमच असते. त्यांनी पट्टीच्या कडेला ती दोनदा फिरवली. पिवळा रंग गेला आणि आतून लालसर तांबं दिसलं. त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

“हे तर पितळ आहे,” ते हळूच म्हणाले. “वरचा पापुद्रा फक्त. आयुष्यभर पितळेच्या चकत्या हाताळल्या मी... आणि मला कळलं नाही?”

“तुम्हाला कळून घ्यायचं नव्हतं, भावोजी. तिच्या पोटातली सुई थांबावी, एवढंच हवं होतं तुम्हाला.”

ताईने विचारलं, “मग पितळ आलं कुठून? मी तर तांबं बांधलं होतं.”

आता मी वर्गातली भाषा बाजूला ठेवली. “तो तुम्हाला तक्त्यात खाली बघायला लावतो. तू तांब्याच्या उजवीकडे बघ. शेजारच्या घरात कोण आहे? जस्त. त्या भांड्यात कापड-कातडी खाणारा कॉस्टिक सोडा आणि जस्ताची भुकटी असणार. त्यात तांबं गरम केलं की त्यावर जस्त चढतं, ती त्याची चांदी. दिव्यावर धरलं की जस्त तांब्यात मिसळतं. तांबं आणि जस्त मिळून?”

“पितळ,” भावोजी म्हणाले.

“पण तापवून तांब्याचं सोनं खरंच होत नाही?” ताईचा आवाज बारीक झाला होता. तिला अजून आशा होती.

“तू शर्टाची बटणं बदललीस तर सुती कापडाचं रेशीम होतं का?”

“छे!”

“अणूचं तसंच आहे. बाहेरचे इलेक्ट्रॉन म्हणजे बटणं. आग असो, आम्ल असो, सगळी खटपट त्या बटणांशी. धातू कोणता हे ठरतं आतल्या केंद्रकातल्या प्रोटॉनांवर. तांब्यात एकोणतीस, सोन्यात एकोणऐंशी. एकेका अणूत पन्नास प्रोटॉन घुसवायचे, तेही स्पिरिटच्या दिव्यावर?”

ताईने पट्टी उशाशी ठेवली. म्हणाली, “गोदामात त्या दिवशी माझ्यामागे चाळीस जण रांगेत होते गं.”

पुढच्या आठवड्याच्या रविवारी ती भावोजींचा हात धरून स्वतः गोदामात आली. लोकांनी वाट करून दिली. किमयागाराच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती दिसली, पण गडी मुरलेला.

“बघा! मरणाच्या दारातून परत आली! कुणामुळे?”

“इन्सुलिनमुळे,” ताई म्हणाली.

मी पिशवीतून चष्मा, हातमोजे, माझं भांडं आणि दिवा काढला, त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडला. सोडा, जस्ताची भुकटी, तांब्याची पट्टी. प्रत्येक गोष्ट नाव सांगून वर धरून दाखवली. पाणी वाफाळलं. तांब्याची चांदी झाली, चांदीचं सोनं झालं. पुढे बसलेल्या बाया तोंडावर हात ठेवून बघत होत्या.

“ही माझीच विद्या चोरली हिने!” किमयागार ओरडला. “पट्टी कुणाच्या दंडाची आहे ते विचारा! त्या माणसाचा रोग गेला!”

“विचारते की,” ताई म्हणाली. “धाकटे, कुणाच्या दंडाची?”

“शाळेच्या नळाला बांधली होती. सात दिवस.”

“म्हणजे नळाची साखर उतरली म्हणायची!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं गोदाम हसायला लागलं. किमयागार घाईघाईने सांगू लागला की नळ शाळेचा, शाळेत शेकडो मुलं, त्यांचे दोष पाण्यातून... पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. भावोजींनी कानस पुढच्या बाईच्या हातात दिली होती. तिने आपली पट्टी घासली, शेजारणीला दिली. ओळीने लाल रेघा उमटत गेल्या. काही बाया रडल्या. एकीने पट्टी जमिनीवर आपटली. एका शिंप्याने किमयागाराच्या भांड्यावरचं झाकण काढलं, तर तळाशी करडा गाळ बसलेला. भावोजींनी आधीच कळवलेले पोलीस आले तेव्हा किमयागार मागच्या दाराशी गाठोडं बांधत होता. तक्ता मात्र भिंतीवरच राहिला.

सगळ्यांनीच पट्टी घासली नाही. एक पुस्तकबांधणी करणारे आजोबा हृदयाच्या दुखण्यासाठी मिळालेली आपली पट्टी रुमालात गुंडाळून दाराकडे निघाले. मी मागे गेले.

“मला नका घासायला सांगू, बाई,” ते म्हणाले. “राहू दे माझं सोनं.”

“नाही सांगत. मला एवढंच सांगा, हृदयाच्या गोळ्या घेता का?”

त्यांनी रुमाल घट्ट धरला. मग हळूच म्हणाले, “तीन आठवडे बंद आहेत.”

“मग चला, दवाखान्यात जाऊ. पट्टी खिशात असू दे.”

ते आले. वाटेभर खिशातली पट्टी चाचपत राहिले, पण आले.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्यासमोर विज्ञानाचा तक्ता टांगला म्हणून तो विज्ञान सांगतो असं समजू नका. विज्ञान सांगणारा माणूस भांड्यावर झाकण ठेवत नाही. तो म्हणतो, या, बघा, तुम्हीही करून पाहा, चुकलो असेन तर दाखवा. जो हे करू देत नाही, त्याच्या भांड्यात काय आहे ते आधी विचारा. आणि तुमच्या माणसाचं औषध बंद करा असं कुणी म्हणालं, तर रागावून उठून जाऊ नका. तिथेच बसा.